पाणी तर नितळ आहे, मग मासे का जातात?

‘टँकमधलं पाणी अगदी नितळ आहे, काचेवर शेवाळाचा डाग नाही, परवाच सगळं धुऊन काढलं. तरी मासे एकेक करून का जातायत?’ मी मासे पाळते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्याकडून हा प्रश्न वरचेवर येतो. तुम्हीही तोच विचारलात. बहुतेक वेळा उत्तर त्या प्रश्नातच असतं: परवा सगळं धुऊन काढलंत, म्हणून.

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या पहिल्या टँकमध्ये चार गोल्डफिश होते. पाणी जरा पिवळसर दिसलं की मला चैन पडायची नाही. एका सुट्टीच्या दिवशी मासे बादलीत काढले, तळाची खडी नळाखाली खळखळून धुतली, फिल्टरमधला तपकिरी, बुळबुळीत झालेला स्पंज स्वच्छ होईपर्यंत पिळला आणि टँक ताज्या पाण्यानं काठोकाठ भरला. पाणी लखलखत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चौघंही वर आले होते. तोंडं पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेली, कल्ले भराभरा हलतायत, कल्ल्यांच्या कडा लालबुंद. एक जण दुपारपर्यंतही टिकला नाही. तोंडाची ती उघडझाप माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

स्पंजवरचा जो थर मी घाण समजून पिळून टाकला, त्याच्यावरच ते मासे जगत होते. मासा कल्ल्यांवाटे सारखा अमोनिया बाहेर टाकत असतो. त्यात विष्ठा, उरलेले दाणे, कुजकं पान यांची भर पडते. अमोनियाला रंग नाही, म्हणून पाणी नितळच दिसतं. माशाचे कल्ले मात्र आतून जळत असतात. नदीत किंवा तळ्यात तो पातळ होऊन जातो. टँकमधल्या माशाला त्याच पाण्यात श्वास घ्यावा लागतो.

त्याला वाचवतात ते बॅक्टेरिया. काही बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच आहे: त्यानं माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. मग दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट मासे बरंच सहन करतात, आणि ते पाणी बदलून काढता येतं. हे बॅक्टेरिया मोकळ्या पाण्यात फारसे नसतात. ते स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. नव्या टँकमध्ये त्यांचा जम बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं ते मरतात, कारण बॅक्टेरिया मारण्यासाठीच तर ते पाण्यात घातलेलं असतं.

म्हणून माझा फिल्टर आता नळाखाली कधीच जात नाही. पाणी बदलताना टँकमधलंच पाणी बादलीत काढते आणि त्यात स्पंज दोन-तीनदा हलकेच दाबते. बादलीतलं पाणी चहासारखं होतं, स्पंज तपकिरीच राहतो. तो तसाच परत बसवते. फिल्टरमध्ये दोन स्पंज असतील तर दोन्ही एकाच दिवशी धुऊ नका.

पाणी दर आठवड्याला एक चतुर्थांश बदलते. नवं पाणी टँकमधल्या पाण्याइतकंच कोमट वा गार आहे ना, ते हात घालून बघते. क्लोरीन असेल तर पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवलं की बहुतेक उडून जातं. पण पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियापासून बनणारं जंतुनाशक घातलेलं असेल, तर ते असं उडत नाही. तुमच्याकडे काय घालतात ते माहीत नसेल, तर क्लोरीन काढायचं औषध वापरा. बाटलीवर क्लोरामाइनचाही उल्लेख हवा.

‘मी तर वर्षभर पाणीच बदललं नाही, मासे मजेत होते, आणि बदललं त्याच दिवशी गेले,’ असंही पुष्कळ जण सांगतात. मला विचाराल तर पाणी न बदलण्यातला हा सर्वांत फसवा धोका. बॅक्टेरिया काम करताना आम्ल तयार होत राहतं आणि बदललं नाही तर पाणी हळूहळू आम्लधर्मी होतं. अशा पाण्यात बॅक्टेरिया मंदावतात, अमोनिया साठत जातो, पण तो बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो आणि त्याचा माशांना फारसा त्रास होत नाही. मग एक दिवस आपण निम्म्याहून जास्त पाणी बदलतो. नळाच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, अशा पाण्यापेक्षा जास्त असतो (आम्ल जितकं जास्त तितका हा आकडा कमी). पीएच 7 वरून 8 वर गेला की विषारी अमोनियाचं प्रमाण जवळपास दहापट होतं. साठलेल्या अमोनियमचा काही भाग काही मिनिटांत विषारी अमोनिया होऊन बसतो, आणि तेवढाही माशांना पुरतो. असा जुना टँक हाती आला तर रोज तांब्या-दोन तांब्या पाणी बदलत आठवडाभरात त्याला वळणावर आणायचं.

खाण्याचं थोडक्यात सांगते. दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. मासा समोर येऊन शेपूट हलवतो म्हणजे तो उपाशी आहे असं नाही. आणि गोल्डफिशला बाऊलमध्ये ठेवू नका. एवढ्याशा पाण्यात अमोनिया एका दिवसात चढतो, आणि हा मासा वीतभराहून मोठा होतो. बाऊलमधला गोल्डफिश पाहिला की मला आजही कालवतं.

आता तुमच्या टँकचं. आज खाणं पूर्ण बंद करा. धट्टेकट्टे मासे दोन-तीन दिवस सहज राहतात. द्रव टाकून बघायचं टेस्ट किट आणा. माझ्याकडच्या किटमध्ये पाच मिलिलिटर पाण्यात थेंब टाकून पाच मिनिटं थांबायचं असतं: पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवट झालं तर आहे. हिरवट आलं तर रोज एक तृतीयांश पाणी बदला, क्लोरीन काढून, आणि एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. स्पंजला हात लावू नका. ओळखीत कुणाकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला थोडा स्पंज मागून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये घाला. येताना तो त्यांच्याच टँकच्या पाण्यात बुडवून आणा, वाटेत सुकू देऊ नका.