तुम्ही विचारलंत म्हणून : ती काळी रेघ

"तेव्हा दिसलं नाही का तुम्हाला?" व्याख्यान संपलं की कुणीतरी हे विचारतंच. सूर्याच्या करोनातले, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणातले, जेट (तप्त वायूचे झोत) खालून वर येणाऱ्या नव्या चुंबकीय क्षेत्रामुळे उडतात, असं मी वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगायचे. आता तसं सांगत नाही, म्हणून.

आधी माझी बाजू ऐका. १९९१च्या 'योहको' उपग्रहापासून आपण हे जेट पाहिले ते क्ष-किरणांत. क्ष-किरणांत दिसतो तो फक्त लाखो अंशांचा तप्त प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू. जेमतेम दहा हजार अंशांचं काही मध्ये असलं तरी कळायचं कसं? शिवाय नवं क्षेत्र वर येतं, जुन्याशी भिडतं, रेषा तुटून नव्यानं जुळतात आणि प्लाझ्मा सुटतो, ही मांडणी इतकी देखणी होती की शंका घ्यायचं मनातच आलं नाही.

२०१५ साली सौरशास्त्रज्ञ स्टर्लिंग आणि सहकाऱ्यांचा 'नेचर'मधला लेख आला. सूर्याच्या ध्रुवांजवळच्या करोनल होलमधले (करोनाच्या विरळ, काळपट दिसणाऱ्या भागांतले) वीस जेट त्यांनी अतिनील प्रतिमांतही तपासले होते. प्रत्येकाच्या मुळाशी एक चिमुकलं फिलामेंट, म्हणजे भोवतालापेक्षा थंड आणि म्हणून काळा दिसणारा प्लाझ्माचा धागा, उसळत होतं. जेटच्या पायथ्याशी एका कडेला जो तेजस्वी ठिपका दिसतो, तो त्या फिलामेंटनं सोडलेल्या जागी.

त्या रात्री मी माझ्याच जुन्या फिती काढल्या. एसडीओ हा नासाचा सूर्यवेधी उपग्रह दर १२ सेकंदांना अतिनील प्रकाशात चित्र घेतो. मी एकेक चित्र पुढे सरकवत गेले. जेट सुटायच्या आधी पायथ्याशी एक काळी रेघ, पंधरा-वीस पिक्सेलची. वाकते, उचलली जाते, आणि मग झोत. दुसऱ्या फितीत तेच. तिसऱ्या फितीत नव्हतं, तेव्हा मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकते. मग टिपणवही उघडली. पहिल्याच जेटपुढे माझ्याच अक्षरात : 'काळी रेघ. दुर्लक्ष.'

म्हणजे दिसलं होतं. क्ष-किरणांची सबब इथे चालत नाही.

पण तेव्हाची मी अगदीच मूर्ख नव्हते. सक्रिय प्रदेशांतले (सूर्यडागांभोवतीच्या तीव्र चुंबकीय भागांतले) काही जेट आजही मला जुन्याच मांडणीत जास्त नीट बसताना दिसतात. आणि सोलर ऑर्बिटर या अंतराळयानानं दाखवलेले, काहीशे किलोमीटर रुंदीचे, २० ते १०० सेकंदांत विझणारे जेट? त्यांच्या मुळाशी रेघ आहे का? मला तरी दिसलेली नाही. हे वाक्य लिहिताना हात जरा अडखळतोच.