खड्ड्यांना पैसा आहे, कातळाला नाही

पर्यावरणासाठी सरकारकडे पैसा नाही असं कोणी म्हणालं की मला हसूच येतं, कारण पैसा आहे आणि चिक्कार आहे. कॅम्पाचंच घ्या ना, म्हणजे जंगलतोडीच्या भरपाईचा सरकारी फंड. रस्ता, खाण, धरण, कशासाठी पण वनजमीन घेतली की घेणाऱ्याने पैसे भरायचे, पर्यायी झाडं लावायचा खर्च आणि वर त्या जंगलाची किंमत. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच हे सांगितलं, कायदा व्हायला २०१६ उजाडलं, आणि तोवर जमलेला बराचसा पैसा दिल्लीत पडून. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने ४७ हजार कोटींच्या वर रक्कम राज्यांना सोडली, त्यातले ३,८०० कोटींच्या वर एकट्या महाराष्ट्राला. गंमत बघा, जंगल जितकं तुटणार तितका हा फंड फुगणार!

आणि खर्च कशावर तर मुख्य भर रोपवनावर. खड्डे किती, रोपं किती, फोटो कुठंय. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०१३ च्या रिपोर्टनुसार २००६ ते २०१२ मध्ये तोडीच्या बदल्यात जेवढी वनेतर जमीन मिळायला हवी होती त्यातली जेमतेम २७ टक्के मिळाली, मग झाडं लावणार कुठे, आकाशात? आपल्या राज्याची ३३ कोटी वृक्षलागवड तर आठवतच असेल, २०१९ ची, पुढे २०२१ मध्ये त्यावर विधिमंडळाची चौकशी समिती बसवावी लागली.

माझा मुद्दा मात्र नाशिकजवळच्या अंजनेरीच्या डोंगराचा आहे. तिथल्या कातळाच्या पठारावर पावसाळ्यात कंदीलपुष्प फुलतं, सेरोपेजिया अंजनेरिका, नावातच गाव आहे. जमिनीत कंद, वर गवतात लपलेलं इवलंसं रोप, शोधायला गेलं तर डोळे दुखतात. आता तिथे खड्डे मारून झाडं लावली तर सावलीनेच ते मरेल. त्या कातळाला लागवड नकोच, त्याला हवाय वणव्याच्या आधी जाळरेषा (आग पुढे पसरू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढणारा वनमजूर, चराईवर लक्ष, आणि वीकेंडला रील बनवायला येणाऱ्या गर्दीला पायवाटेवरच ठेवणारा माणूस. म्हणजे पगार, बारा महिने, वेळेवर. नाशिकजवळच्याच बोरगडला २००८ मध्ये संवर्धन राखीव (म्हणजे कायद्याने संरक्षित क्षेत्राचा) दर्जा मिळाला, नंतर अंजनेरीलाही मिळाला, पण नुसता दर्जा काय वणवा विझवतो का?

बरं, नियमात बसत नाही असंही नाही. कॅम्पाच्या २०१८ च्या नियमांत वणवा नियंत्रण आहे, मृद-जलसंधारण आहे. पण न लागलेल्या वणव्याचा फोटो कसा काढणार आणि उद्घाटनाला साहेबांना कुठे उभं करणार, खरी अडचण ही आहे असं मला वाटतं.

नाशिकच्या तपोवनात पण तेच. कुंभासाठी झाडं तोडायचा विषय निघाला, नाशिककर रस्त्यावर उतरले, की लगेच त्याबदल्यात इतकी हजार लावू म्हणून घोषणा. पाच वर्षांनी त्यातली किती जिवंत हे मोजायचे पैसे कुठल्या बजेटमध्ये धरलेत ते कोणी सांगितलं नाही.

तुमच्या भागातल्या एखाद्या जुन्या रोपवनात आज किती झाडं उभी आहेत ते कोणी स्वतः मोजलं असेल तर कमेंटमध्ये टाका, गाव आणि लागवडीचं वर्ष लिहून. मी यादी करतोय.