पणजीच्या माहेराचा शोध : बडोदे ते चांदोद

आमच्या काकांनी मोठ्या कष्टानं घराण्याची वंशावळ तयार केली आहे. मूळ पुरुषापासून सात पिढ्या, प्रत्येक नावाखाली मुलांच्या रेघा. त्यात बाई एकही नाही. गायकवाडांच्या फौजेबरोबर देशावरून गुजरातेत उतरलेले पूर्वज घरात सगळ्यांना पाठ आहेत. त्यांचे संसार ज्यांनी केले त्या कुणाच्या लेकी, कुठल्या गावच्या, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मला निदान माझ्या पणजीचं माहेर शोधायचं होतं. म्हणून बोरिवलीहून सकाळची गाडी पकडली आणि बडोद्याला आत्याकडे गेले.

घराण्याचा शोध म्हटलं की लोक थेट दफ्तरखान्याची वाट धरतात. माझं मत स्पष्ट आहे : आधी घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईजवळ बसा. कागद आणखी पन्नास वर्षं टिकतील, ती टिकणार नाही. आत्या ऐंशीच्या पुढची. दांडिया बाजारात सुरसागरापासून चालत जाण्याच्या अंतरावर तिचं जुनं घर. झोपाळ्यावर तिच्या शेजारी बसले, फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि विचारलं, “आत्या, तुझी आजी कुठल्या साली गेली?”

“अगं, साल मला कसं माहीत असणार? मी जन्मलेही नव्हते.”

साल विचारून कुणालाच काही आठवत नाही. मग मी विचारलं, पुराच्या आधी की नंतर? बडोद्याच्या जुन्या माणसांच्या घरी १९२७चा पूर अजून बोलण्यात असतो. आत्याचा चेहरा एकदम खुलला. “नंतर गं! पुरात ती नानांना कडेवर घेऊन माळ्यावर चढली होती. नाना सांगायचे, महाराज गेले त्याच वर्षी पावसाळ्यात ती गेली.” नाना म्हणजे माझे आजोबा, महाराज म्हणजे सयाजीराव गायकवाड. ते ६ फेब्रुवारी १९३९ रोजी गेले. एका वाक्यात पणजीच्या मृत्यूचं वर्ष आणि ऋतू हाती आला. आता महापालिकेच्या मृत्यूनोंदीत शोधायचं तर कोणतं पुस्तक काढायचं ते ठाऊक आहे. जन्माची नोंद मात्र याहून अवघड. जुन्या जन्मनोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच, बारसं व्हायचं असतं. तिथे वडिलांच्या नावावरून आणि तारखेवरूनच शोधावं लागतं.

दुपारी आतेभावानं माळ्यावरची भांडी खाली उतरवली. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती, हे किती मोठं भाग्य आहे! देणाऱ्याचं नाव, घेणारीचं नाव, गाव, साल, सगळं ठोक्याठोक्यानं धातूत कोरलेलं. भांडी बहुतेक मोडीत जातात आणि हा दस्तऐवजही त्यांच्याबरोबर वितळतो. आत्यानं नशिबानं एक तांब्याची घागर विकली नव्हती. गळ्याखाली ठिपके दिसत होते, पण चिंचेनं घासून घासून पार बुजलेले. आत्यानंच तांदळाची पिठी मागवली. ओल्या बोटानं ती ठिपक्यांवर चोळली, कोरड्या फडक्यानं वरचेवर पुसली. खळग्यांत पीठ राहिलं आणि लाल तांब्यावर पांढरी अक्षरं उमटली : चि. सौ. कां., पुढे पणजीचं नाव, मग “बंधूकडून”, भावाचं संपूर्ण नाव, “मु. पेटलाद, शके १८३६”. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन : १९१४. त्या घरचा माग अजून काढायचा आहे, म्हणून आडनाव इथे लिहीत नाही.

एका भांड्यावर विसंबून चालत नाही. भाऊ सख्खा की मानलेला, कसं कळणार? त्यासाठी नानांची श्राद्धाची वही कामी आली. ते पितृपक्षातल्या महालयासाठी नावांची यादी करून ठेवत. महालयात फक्त बापाच्या बाजूचे तीन पुरुष नसतात. आई, आजी, पणजी असतात. आणि मातामह, मातृपितामह, मातृप्रपितामह, म्हणजे आईच्या माहेरच्या तीन पिढ्याही असतात. वंशावळीनं ज्यांना गाळलं त्यांची नावं श्राद्धाच्या यादीनं दरवर्षी उच्चारून जपली. यादीत आडनाव नसतं, नाव आणि गोत्र तेवढं. नानांच्या यादीतल्या मातामहांचं नाव आणि घागरीवरच्या भावाच्या वडिलांचं नाव एकच निघालं. मी आत्याला घट्ट मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी मांडवीतल्या सेंट्रल लायब्ररीत गेले. सयाजीरावांनी अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून १९१०मध्ये राज्यभर ग्रंथालयं उभी करायला घेतली, त्यांतलं हे मुख्य. पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे. १९३०च्या दशकात संस्थानानं जुन्या मराठी कागदांचे निवडक खंड छापायला सुरुवात केली. मोडी लिपी येत नसेल तर बडोद्याच्या शोधाची सुरुवात या खंडांपासून करावी. खुद्द कागद पाहायचे तर कोठीतलं दफ्तर भांडार आहे. तिथे जाण्यापूर्वी पूर्वज कोणत्या खात्यात होता, पागेत, महसुलात की शिक्षणात, हे ठाऊक हवं, कारण दफ्तरं खात्यांप्रमाणे लावलेली असतात, आडनावांप्रमाणे नाहीत. संस्थानाचं गॅझेट ‘आज्ञापत्रिका’ बदल्या-नेमणुकांसाठी उपयोगाचं. गुजराती लिपी शिकून घ्या, चार दिवसांत येते. जुन्या मराठी कागदांवर सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीतली जुनी कालगणना, दिसला तर इसवी सनासाठी जून ते डिसेंबरला ५९९ आणि जानेवारी ते मे महिन्यांना ६०० मिळवा. ते वर्ष मृगापासून सुरू होतं.

मला मात्र पेटलादचं नाव सोडत नव्हतं. पेटलाद तेव्हा बडोदे संस्थानात होतं. सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं, आणि ते मुलींनाही लागू होतं. १९१४च्या सुमारास लग्न झालेली पणजी १९०६मध्ये सहा-सात वर्षांची असणार. म्हणजे तिचं माहेरचं नाव शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात, म्हणजे मुलं शाळेत आल्या-गेल्याच्या नोंदवहीत, असण्याची दाट शक्यता आहे. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं नाव लिहिलं गेलं, त्याआधीचं नाव. एका राजाच्या हुकमामुळे हजारो मुलींची नावं कागदावर आली, याचं मला फार मोल वाटतं.

शेवटी आतेभाऊ मला गाडीनं चांदोदला घेऊन गेला. बडोद्याहून डभोईमार्गे पन्नासेक किलोमीटर. ओरसंग इथे नर्मदेला मिळते, घाटावर पिंडदानाची गर्दी, पलीकडे कर्नाळीला नावा जातात. आलेल्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या तीर्थोपाध्यायांनी आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं, आणि लाल कापडात बांधलेला लांबट चोपडा सोडला. पानं उलटता उलटता त्यांचं बोट थांबलं. संवत १९७५, म्हणजे १९१८-१९. इन्फ्लुएन्झाची साथ नुकतीच ओसरलेली. पणजोबांची मोडी सही, खाली भावांची नावं, “मातुश्रीसह” एवढा उल्लेख. मातुश्रींचं नाव तिथेही नव्हतं.

आलेल्या माणसानं आपली नोंद करायची रीत आहे. गुरुजींनी माझं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, भावांची विचारली.

“गुरुजी, बायकांचीही लिहायची आहेत.”

“सांगा, सांगा. कुणी सांगत नाही म्हणून राहतात.”

मी आईचं नाव आणि माहेर सांगितलं. आजीचं नाव आणि माहेर. दोन्ही बहिणी, त्यांच्या मुली, आत्या. मग घागरीवरून टिपून आणलेलं पणजीचं नाव, तिच्या भावाचं, वडिलांचं, आणि गाव पेटलाद. गुरुजी एकेक नाव विचारून, परत वाचून दाखवून लिहीत होते. पान भरलं तेव्हा त्यांनी पुढचं पान घेतलं.