हिडकलच्या पाण्यात पंखा दगडाला लागला: शाफ्ट, बुश आणि अलाइनमेंटचं काम

बेळगाव जिल्ह्यातला हिडकल जलाशय २१७५ फुटांपर्यंत भरलेला असतो तेव्हा बोट कुठूनही न्या, काही होत नाही. उन्हाळ्यात घटप्रभेचं पाणी उतरायला लागलं की धरणात गेलेल्या वस्त्यांचे चौथरे, शेतांचे दगडी बांध आणि झाडांची खोडं हात-दोन हात पाण्याखाली येऊन थांबतात. वरून काहीच दिसत नाही. हुन्नूरच्या विठ्ठल मंदिराचे दगड पाण्याबाहेर यायला लागले की त्या पट्ट्यात पंख्याला धोका सुरू झाला असं धरून चालायचं.

बोट २६ फुटी, फायबरची. आत ४० एचपीचं डिझेल इंजिन, २:१ चा गिअरबॉक्स, ३० मिमीचा स्टेनलेस शाफ्ट, तीन पात्यांचा ब्राँझचा पंखा: व्यास १६ इंच, पिच (एका फेऱ्यात पंखा हिशेबानं जेवढा पुढं जातो ते अंतर) १२ इंच. पंखा बांधाच्या दगडाला लागला, इंजिन दबकलं आणि बंद पडलं.

अशा वेळी रिव्हर्स टाकून बघायची घाई सगळ्यांनाच होते. ती करायची नाही. मी गिअर न्यूट्रलला ठेवला, फळी उचलून आधी ग्लँड पाहिला, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथली पाणी अडवणारी जागा. पाणी धारेनं येत असेल तर बाकी सगळं नंतर. मग कपलिंग, म्हणजे शाफ्ट गिअरबॉक्सला जोडणारी चकती, हातानं फिरवलं. शाफ्ट पूर्ण फेऱ्यात एकाच जागी जड जात असेल तर तो वाकलाय. सगळीकडे सारखा जड असेल तर ब्रॅकेट (पंख्याजवळ शाफ्टला धरणारा तळाखालचा आधार) सरकलाय किंवा पंख्यात काही अडकलंय. इथं एकाच जागी जड होता, म्हणून बोट ओढून काठाला आणली. वाकलेला शाफ्ट फिरवत आणला की ब्रॅकेटमधला रबर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) खलास होतो, ग्लँडचा रबरी होज फाटतो आणि दुरुस्ती दुप्पट होते.

बोट वर काढायला काळ्या चिखलात हायड्रा क्रेन जात नाही. मुरमाचा उतार गाठावा लागतो. पट्टे बांधताना एक लक्षात ठेवायचं: मागचा पट्टा शाफ्टच्या किंवा ब्रॅकेटच्या खाली कधीच येता कामा नये. हायड्रावाल्याला ते ठाऊक नसतं, त्याच्या दृष्टीनं ती फक्त वजनाची गोष्ट.

बोट ठोकळ्यांवर बसली की पहिला पान्हा लावण्याआधी मापं घ्यायची. एकदा खोललं की कोण किती वाकलं होतं ते कळत नाही. ब्रॅकेटला तार बांधून तिचं टोक पात्याच्या टोकाजवळ आणलं आणि पंखा फिरवला: दोन पाती एका रेषेत, तिसरं १४ मिमी मागे. ब्रॅकेटच्या पुढं शाफ्टवर डोल मोजणारा डायल गेज लावला. अंदाजाचा हिशेबच नको म्हणून शाफ्ट बाहेर काढून व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) पुन्हा मोजला. टेपरजवळ, म्हणजे पंखा बसतो त्या निमुळत्या टोकाजवळ, एकूण डोल ०.९ मिमी. या जागी ०.१ च्या आत असायला हवं.

ब्रॅकेटभोवतीच्या फायबरवर नाण्यानं टकटक करून बघितलं. आवाज टणक आला तर ठीक, बद्द आला तर आतले थर सुटलेत. इथं टणक होता. इंजिन ज्यावर बसतं ते रबरी माउंट बघताना फक्त रबर बघायचं नाही. पायाच्या जुन्या रंगावर चकचकीत ओरखडा दिसला तर इंजिन सरकलंय. डावीकडचा पुढचा माउंट २ मिमी सरकला होता. गिअरबॉक्सचं तेल पांढऱ्या फडक्यावर काढलं. पितळी चमक नव्हती. फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स यांच्यातल्या डँपर प्लेटच्या स्प्रिंगा मात्र न विसरता बघाव्यात. धडकेनं त्या तुटतात, आणि नंतर न्यूट्रलमध्ये मंद गतीला खडखड ऐकू आली की लोक गिअरबॉक्स उघडत बसतात.

आता शाफ्ट. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत प्रेसवर शाफ्ट सरळ करणारे हात उत्तम आहेत, आणि मधल्या लांबीत आलेला बाक प्रेसवर खरंच निघतो. गॅसची ज्योत लावायला नाही म्हणायचं. स्टेनलेस तापवलं की गंजाला तोंड मिळतं आणि शाफ्ट थंड होताना पुन्हा फिरतो. पण बाक टेपरमध्ये असेल तर मी सरळ करत नाही. आधी तडा दाखवणारं डाय पेनिट्रंट मारायचं: लाल स्प्रे, १०-१५ मिनिटं थांबायचं, पुसून पांढरा डेव्हलपर. की-वेच्या (पंखा शाफ्टवर घसरू नये म्हणून बसवलेल्या कीच्या, म्हणजे पट्टीच्या, खाचेच्या) पुढच्या कोपऱ्यातून केसासारखी लाल रेघ उमटली. क्रॅक. तिथंच प्रश्न मिटला, नवीन शाफ्ट.

वर्कशॉपला ड्रॉइंग कागदावर द्यायचं, जुना तुकडा दाखवून ‘असाच करा’ म्हणायचं नाही. तो वाकलेलाच तर आहे. माल एसएस ३१६. दुकानात बार घेताना चुंबक न्यायचा. घट्ट चिकटला तर तो ४१० स्टेनलेस तरी आहे किंवा साधं ईएन ८ पोलाद. लांबी १८५० मिमी, म्हणजे साधारण साडेदहा किलो. टेपर १:१०, लांबी ७५. म्हणजे ३० वरून २२.५ पर्यंत. लेथची कंपाउंड स्लाइड २ अंश ५२ मिनिटांवर येते. की ८ × ७, शाफ्टमध्ये खोली ४. की-वेचं पुढचं टोक चौकोनी तोडायचं नाही, चढत्या उतारानं संपवायचं, आणि तळाच्या कोपऱ्यात छोटा रेडियस ठेवायचा. जुना तिथूनच तडकला होता. नट ब्राँझचा, स्टेनलेसवर स्टेनलेस चढवला की आटे एकमेकांना धरतात आणि मग नट कापावा लागतो. कपलिंग शाफ्टवर बसवून मगच त्याचं तोंड लेथवर फेस (सपाट) करायचं. वेगळं फेस केलं तर पुढचं सगळं अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं, खोट्या पायावर उभं राहतं.

पंख्यासाठी फाउंड्रीत सल्ला मिळतो की जुना साच्यात दाबून नवा ओतू. ऐकायचं नाही. ब्राँझ थंड होताना दीड-दोन टक्के आकसतो, शिवाय वाकलेल्या पात्याची नक्कल वाकलेलीच येते. आम्ही तो सरळ केला. कडेचे छोटे बाक थंडच, तांब्याच्या हातोड्यानं. दुमडलेलं टोक मात्र अंधारात मंद लाल दिसेपर्यंत तापवून, हळूहळू, आणि सावकाश थंड होऊ देऊन. ब्राँझमधलं जस्त जास्त तापलं की पांढरा धूर निघतो. तो फुप्फुसाला वाईट आणि धातूलाही, म्हणून धूर दिसायच्या आत ज्योत काढायची.

पिच मोजायला महागडं यंत्र लागत नाही. सपाट टेबलावर पंखा ठेवून मध्यापासून १४२ मिमीवर (त्रिज्येच्या ७० टक्के) वर्तुळ काढायचं, त्यावर ३० अंशांच्या दोन खुणा करायच्या आणि दोन्ही ठिकाणी पात्याची टेबलापासून उंची मोजायची. उंचीतला फरक गुणिले १२ म्हणजे पिच. १२ इंचाला फरक २५.४ मिमी हवा. तिसऱ्या पात्याला २२ येत होता, म्हणजे जेमतेम साडेदहा इंच. तिन्ही पाती ०.४ मिमीच्या आत आणून मग बॅलन्स केला. जड पातं पाठीवरून घासायचं, कडेवरून नाही.

पंखा टेपरवर बसवताना घाई महागात पडते. निळी लावून संपर्क (पंखा टेपरला किती टेकतो ते) तपासला, बारीक पेस्टनं घासून सत्तर टक्क्यांच्या वर आणला, पेस्ट रॉकेलनं पूर्ण धुतली. मग की न लावता पंखा दाबून शाफ्टवर खूण केली. की लावल्यावर पंखा त्याच खुणेपर्यंत यायला हवा. अलीकडे थांबला तर तो टेपरवर नाही, कीवर बसलाय, आणि की-वे पुन्हा तडकणार.

रबर बुश ३० × ४५ × १२०. जुना काढताना आतून लांबीत दोन काप देऊन घडी घालून ओढला. ठोकला तर ब्रॅकेट हलतो. नवा लांब बोल्ट आणि वॉशर लावून ओढून बसवला. शाफ्ट घालताना साबणाचं पाणी लावायचं, ग्रीस नाही. ग्लँड दोरी ६ मिमीची, तीन वळी, प्रत्येक तुकडा ४५ अंशात कापलेला, जोड १२० अंशांनी फिरवलेले. होजला दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा.

बोट पाण्यात सोडल्यावर लगेच अलाइनमेंट करायचं नाही. ठोकळ्यांवर फायबरचा तळ वेगळा बसतो. एक रात्र तरंगू द्यायची. शाफ्टचं कपलिंग स्वतःच्या वजनानं खाली झुकतं, तेही धरावं लागतं: मोकळ्या भागाचं अर्धं वजन अधिक पूर्ण कपलिंग, इथं साधारण साडेचार किलो, स्प्रिंगच्या काट्यानं उचलून धरले. १०० मिमी फ्लँजला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फरक ०.१ मिमीच्या आत हवा. गॅप कुठं जास्त येतो ते पाहून शाफ्ट पाव फेरा फिरवायचा. मोठी फट शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट किंवा कपलिंग वाकडं; जागच्या जागी राहिली तर इंजिन हलवायचं. माउंटचे नट पाव-पाव फेऱ्यानं. कंटाळवाणं काम आहे, पण थरथर इथंच जाते, पंखा कितीही घासून जात नाही.

गोव्याहून भाग मागवले की पार्सलमध्ये जस्ताचा अ‍ॅनोड (बाकी धातू वाचवायला स्वतः झिजणारा तुकडा) येतो, कारण तिथला माणूस खाऱ्या पाण्याचा विचार करतो. हिडकलच्या गोड्या पाण्यात जस्तावर थर चढून ते निकामी होतं. मॅग्नेशियमचा मागायचा.

पहिल्या फेरीत ग्लँड मुद्दाम ढिला ठेवला. चालू असताना मिनिटाला दोन-तीन थेंब, उभी असताना एकही नाही. ग्लँडला हात लावला तर कोमट चालेल, चटका बसला तर नट सैल करायचा. दहा तास चालल्यावर कपलिंगचे बोल्ट, माउंट आणि ग्लँड पुन्हा एकदा तपासायचे, कारण नवी दोरी तोवर दबलेली असते.