महाडच्या भिंती आणि आमची वाटचाल

माझे वडील महाडच्या बाजारपेठेत पाट्या रंगवत असत. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरे, निवडणुकीच्या भिंती आणि पुढे औद्योगिक वसाहत वाढल्यावर कारखान्यांतील सुरक्षिततेच्या सूचना, अशा कामांवर आमचे घर चालले. फ्लेक्स आल्यानंतर दोन-तीन वर्षांतच पाट्यांचे काम आटले. वडिलांच्या हाताखाली शिकलेले दोघे पेंटर मुंबईला निघून गेले आणि दुकानात मी, माझा धाकटा भाऊ आणि रिकामे डबे एवढेच उरले.

स्वच्छ भारत अभियानाने आम्हाला पुन्हा भिंतीवर आणले. त्या कामाचे पैसे मिळाले, काही ठिकाणी फार उशिरा मिळाले, पण प्रत्येक गावात तोच झाडू, तोच चष्मा आणि तेच हसरे मूल रंगवताना आपण आपल्या गावासाठी काही करत आहोत असे कधी वाटले नाही. त्यामुळे एका शाळेने कुंपणाच्या भिंतीवर महाडचा इतिहास काढून द्याल का, असे विचारले, तेव्हा दर न ठरवताच आम्ही होकार दिला.

महाडला चित्रांसाठी विषय शोधावा लागत नाही. गावाच्या वेशीवर गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, सावित्री आणि गांधारी या दोन नद्या आहेत, बाणकोटच्या खाडीतून गलबतांनी येणाऱ्या मालाच्या आठवणी आहेत, जवळ रायगड आहे. परंतु भिंतीच्या मधोमध काय यावे याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते दृश्य.

मी कागदावर बाबासाहेबांना एकटेच काढले होते. मागे तळे, वर आकाश. चौकटी आखून चित्र भिंतीवर उतरवायला सुरुवात केली तेव्हा शेजारच्या वाडीतील एक आजी रोज नातवाला शाळेत सोडायला येत आणि थोडा वेळ उभ्या राहत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "बाकीची माणसं कुठं हायत रं बाबा? माझा सासरा होता त्यात." मी परांचीवरून खाली उतरलो. सासऱ्यांनी सांगितलेली हकिगत त्यांना जशीच्या तशी पाठ होती: महाडला भरलेली अस्पृश्य मानलेल्यांची परिषद संपल्यावर लोक रांगेने बाजारातून तळ्याकडे कसे गेले, पाणी पिऊन परत आल्यावर मंदिरात शिरणार अशी अफवा उठून जेवायला बसलेल्यांवर हल्ला कसा झाला. त्या संध्याकाळी मी खडूची सगळी आखणी पुसली. बाबासाहेब पुढे राहिलेच, पण त्यांच्या मागे पायऱ्यांवर आणि थेट भिंतीच्या टोकापर्यंत माणसांची रांग आली. काम आठ दिवसांनी वाढले. माझ्या मते आमच्या व्यवसायाची खरी सुरुवात त्या पुसण्यापासून झाली.

तेव्हापासून कोणतीही ऐतिहासिक भिंत घेतली की आम्ही आधी वाचतो आणि मग वाडी-आळीतील जुन्या माणसांकडे जाऊन बसतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला होता, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठरावही केला होता, आणि तरीही पाण्याला हात लावायला माणसांना रांगेने जावे लागले. पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला. हे सगळे चित्रात मावत नाही, परंतु ठाऊक असले म्हणजे रांगेतील माणसांच्या चेहऱ्यांवर काय असावे ते कळते. सत्याग्रहात बाबासाहेबांच्या बरोबर उभे राहिलेले सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला भरलेल्या दुसऱ्या परिषदेसाठी कोणी जागा देईना तेव्हा आपली जागा देणारे फत्तेखान यांनाही आम्ही पुढच्या भिंतींवर आणले, कारण त्यांच्याशिवाय महाडची गोष्ट अपुरी राहते.

जुलै २०२१ च्या महापुरात आमचे दुकान बुडाले. वडिलांचे ब्रश, खाके, रंगांचे डबे, सगळे गेले. शाळेची भिंतही पाण्याखाली गेली होती. चिखल धुतल्यावर चित्र शाबूत दिसले म्हणून आम्हाला हायसे वाटले, पण दोन महिन्यांत खालच्या भागाला फुगे आले आणि पोपडे पडू लागले. एक पोपडा हातावर घेऊन उलटा केला तेव्हा रंगाला काहीच झालेले नव्हते, त्याच्या पाठीला पांढरी लांबी, म्हणजे रंगाआधी भिंत गुळगुळीत करायला लावतात तो लेप, चिकटलेली होती आणि लांबीच्या मागे मिठासारखी भुरभुरीत पूड होती. पाणी समोरून शिरले नव्हते. जांभ्याच्या दगडाने ते पोटात साठवले होते आणि बाहेर पडायला वाट नसल्याने ते रंगाला ढकलत होते.

आता आम्ही जांभ्याच्या भिंतीच्या खालच्या भागाला लांबी लावत नाही. जुना गिलावा खरवडून चुन्याचा गिलावा करतो, एक उन्हाळा मिळत असेल तर तो पूर्ण वाळू देतो, आणि खालच्या तीन-चार फुटांत चेहरे न घेता दगड, पायऱ्या, पाणी एवढेच ठेवतो, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी कोणाच्या चेहऱ्याला हात लावावा लागत नाही. दिवाळीनंतर सुरुवात आणि मे महिन्याच्या मध्यात परांची खाली, हे वेळापत्रक आम्ही कोणासाठीही मोडत नाही. शाळेची भिंत नव्याने रंगवताना मुख्याध्यापकांच्या सूचनेवरून पुराच्या पाण्याची खूण पुसली नाही. त्या उंचीवर निळी रेघ मारून '२२ जुलै २०२१' असे वडिलांच्या वळणाच्या अक्षरांत लिहिले.

आज आम्ही सात जण आहोत, त्यांत दोघी मुली आहेत. २० मार्च २०२७ रोजी सत्याग्रहाला शंभर वर्षे होत असल्याने एका वसाहतीच्या भिंतीवर डिसेंबर १९२७ च्या परिषदेतील स्त्रिया काढायचे ठरले आहे. बाबासाहेबांनी त्यांना अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची रीत आणि कथलाचे, चांदीचे जड दागिने सोडून देण्यास सांगितले होते. लुगडे घोट्यापर्यंत आलेल्या आणि हात मोकळे झालेल्या त्या बायका कशा चालल्या असतील, हे काढण्यासाठी आमच्या मुली सध्या वाड्यांमधून फिरून आज्यांकडून नेसण शिकत आहेत. आखणीचे चार कागद झाले आहेत, पाचवा सुरू आहे.