घोडी दिसते, तार दिसते

मंगळवार, रात्री साडेदहा. विश्रामबाग, सांगली.

सकाळपासून काकांच्या अभंगात अडकलोय. २०१४ चं रेकॉर्डिंग. काका गेले, आता वर्षश्राद्धाला आत्याला ते ऐकायचंय. तेव्हा मी विकतचं सॉफ्टवेअर वापरायचो, रीतसर पावतीचं. तो कॉम्प्युटर गेला. नव्यावर जुनी आवृत्ती चालवायला कंपनीची परवानगी लागते आणि ती आवृत्ती कंपनीनं केव्हाच वाऱ्यावर सोडली. आवाज शाबूत आहे, त्रेचाळीस वेव्ह फाइली, नावाच्या जागी नुसते आकडे. कुठला तुकडा कशामागून, टाळ किती दबवला, हे सगळं एकाच फाइलीत, आणि तीच उघडत नाही. पैसे माझे, मेहनत माझी, किल्ली दुसऱ्याकडं.

मग आर्डर या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये केलेलं एक जुनं भजन काढून बघितलं. त्याची सेशन फाइल एक्सएमएल, म्हणजे साधा मजकूर. प्रत्येक तुकड्याचं नाव, सुरुवात, लांबी वाचता येते. उद्या आर्डर नाहीसं झालं तरी वही घेऊन बसेन आणि भजन पुन्हा जुळवेन.

स्टुडिओवाला मित्र म्हणतो, "फुकटचं ते फुकटच." त्याचं सगळंच चूक नाही. साउंड कार्ड जुळवताना माझ्या दोन संध्याकाळी गेल्या होत्या, आणि विकतच्या तबल्याच्या तोडीचे आवाज मला ओपन सोर्समध्ये अजून सापडलेले नाहीत. पण 'फुकट' हा शब्द मला लागतो. आर्डरचा सोर्स कोड खुला आहे, तयार प्रोग्रॅम हवा असेल तर पैसे द्या, असं ते बनवणारे पॉल डेव्हिस उघड सांगतात. मी देतो. खरं फुकट म्हणजे पेनड्राइव्हवरून फिरणारी क्रॅक कॉपी. कॉलेजात मीही तीच वापरली, त्याची आज लाज वाटते.

संध्याकाळी मिरजेला गेलो, तंबोरा जवारीला, म्हणजे तारांचा नाद खुलवायला, दिला होता. सतारमेकरांच्या गल्लीत चाचा घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत होते. तंबोरा त्यांच्या कारखान्यातला नाही. विचारलं, दुसऱ्याच्या हातचा आहे, चालेल ना? म्हणाले, "बनवला कुणी का असंना. घोडी दिसते, तार दिसते. कान पाहिजे फक्त."

त्यांनी घोडीवरचा दोरा जरासा सरकवला आणि खर्जातून गंधार बोलला. आपोआप उमटणारा, षड्जाच्या ५/४ पट कंपनांचा. षड्जापासून ३८६ सेंटवर (सेंट हे स्वरांतराचं माप, सप्तकात १२००). कीबोर्डवरचा गंधार ४०० वर असतो. हे १४ सेंट मला वर्षानुवर्षं खुपायचे. सर्ज हा सिंथ, म्हणजे कॉम्प्युटरवर आवाज तयार करणारं वाद्य, एके काळी विकत मिळायचा. २०१८ मध्ये त्याच्या कर्त्यानं कोड खुला केला, मग लोकांनी त्यात हवं ते स्वरांतर भरायची सोय केली. आता एका साध्या फाइलीत '5/4' लिहितो आणि गंधार त्याच्या जागेवर बसतो. माझ्यासारख्याच कुणाला तरी ते खुपलं असणार, आणि त्याला आत हात घालता आला.

घरी येऊन तंबोरा कोपऱ्यात ठेवला आणि पुन्हा काकांकडे वळलो. प्रत्येक चरणाआधी ते हलकेच घसा साफ करायचे. त्या खुणेवरून क्रम लावतोय. अकरा तुकडे लागले. बारावा ध्रुवपदाचा वाटतोय, पण मागं टाळ नाही. उद्या आत्याला ऐकवून विचारतो.