160 चौरस फूट

रविवार, 18 जानेवारी 2026, रात्री साडेदहा

मनोरीहून आत्ता घरी टेकलो. बॅगा उघडल्या तर निम्मा किनारा सोबत आलाय. फरशीभर वाळू आणि हिचं तोंड सुरू.

जागा थोरल्याने मोबाइलवर शोधलेली. फॅमिली रिसॉर्ट, पण आम्ही घेतली ती तिथली सगळ्यात स्वस्त लाकडी केबिन. एसी नाही, संडास-न्हाणी बाहेर आणि समाईक, चादरी-उशा घरून आणायच्या. मार्वेच्या जेटीवर आम्ही सहा जण बिऱ्हाड हलवल्यासारखे उभे. भाईंदर-उत्तनवरून रस्ता आहे, पण तो वळसा कोण घालणार? फेरीबोटीत मोटारसायकली, मासळीच्या पाट्या आणि आमच्या वळकट्या. पलीकडे बांबूंवर बोंबील वाळत होते. धाकटीने नाक दाबलं, आईने मात्र छान लांब श्वास घेतला.

केबिनमध्ये शिरल्या शिरल्या बाबांनी काय करावं? चपला काढल्या, भिंतीला टाच लावली आणि पावलाला पाऊल जोडत मोजत सुटले. लांबी सोळा, रुंदी दहा.

"एकशेसाठ," म्हणाले. "आपली वरळीची खोली."

बीडीडी चाळीतली खोली. तेवढ्यात आम्ही नऊ जण होतो. गेल्या ऑगस्टमध्ये चाळीच्या पुनर्विकासात पहिल्या 556 कुटुंबांना टॉवरच्या चाव्या मिळाल्या, त्यात आमचा नंबर लागला. आता 500 चौरस फूट, आणि ज्याची त्याची खोली.

जेवण ठीक. सुरमई शिळी वाटली, भाव तेवढा ताजा होता.

रात्री दोनला धाकटीने हलवलं. "पप्पा, बाहेर चला ना, अंधार आहे." टॉर्च घेऊन निघालो. सुरूच्या झाडांत वारा घोंघावत होता. पत्र्याच्या दारामागून ती दर अर्ध्या मिनिटाला विचारायची, "आहात ना?" मी म्हणायचो, "आहे." चाळीत मजल्याच्या टोकाला माझी ताई अशीच माझ्यासाठी उभी राहायची. फक्त ती मुद्दाम गप्प बसायची.

परत आलो तर फळ्यांच्या फटींतून बाहेरच्या दिव्याच्या रेघा सगळ्यांच्या अंगावर पडल्या होत्या. आईच्या बांगड्या कूस बदलताना किणकिणल्या. बाबा घोरत होते. नव्या घरात दारं लावून झोपायची सवय झाल्यापासून बाबा घोरतात हेच मी विसरलो होतो. मग बराच वेळ झोप लागली नाही, आणि त्याचं काही वाटलंही नाही.

पहाटे चारला डोळा उघडला, बाबांची जागा रिकामी. बाहेर पाण्याचा आवाज. समाईक न्हाणीतल्या सगळ्या बादल्या त्यांनी बाहेर काढून नळापाशी रांगेत मांडल्या होत्या. सहा भरून झालेल्या. केअरटेकर डोळे चोळत आला.

"आजोबा, पाणी दिवसभर असतं इथं."

"असू दे," बाबा म्हणाले आणि सातवी बादली नळाखाली सरकवली.